औरंगाबादच्या मागावर आठ दिवस

औरंगाबादला जाणारा प्रवासी वेरूळ पाहतो, अजिंठ्याला जाऊन येतो, बीबी का मकबऱ्यापुढे फोटो काढतो, पाणचक्कीच्या हौदाकाठी घटकाभर बसतो आणि परतीच्या वाटेवर एखादी हिमरूची शाल घेऊन गाडीत चढतो. सरकारी दप्तरात शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण शालीच्या दुकानांवरचे ‘औरंगाबादी हिमरू’ हे शब्द अजून तसेच आहेत. ती शाल ज्या मागावर तयार होते, तिथपर्यंत मात्र फार थोडे लोक पोहोचतात. आम्ही गेलो ते मागासाठीच.

आम्ही म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका घरातल्या दोन जावा आणि एक नणंद. सोबतीला पुतण्या होता. आमच्याकडे लोकरीचे विणकाम सासूबाईंच्या काळापासून चालते. टोपडी, मोजे, स्वेटर, बाळंतविड्यातली दुपटी. गेल्या तीन वर्षांपासून आम्ही पांढरी लोकर आणून घरीच रंगवतो. दोन वर्षांपूर्वी आमचे धाकटे दीर अल्लाहला प्यारे झाले. धाकट्या जाऊबाईंच्या पदरात दोन मुले. इद्दत संपल्यावर तिनेच विषय काढला की विणकामावर घर चालवता येईल का. हिवाळ्याचे तीन महिने ऑर्डरी असतात, पण एप्रिलात स्वेटर कोण घेणार? तिला मागावर सुती स्टोल आणि ओढण्या विणायला शिकायचे होते, म्हणजे बारा महिने काम राहील. पुतण्याच्या ओळखीने जुन्या शहरातल्या एका हिमरू विणणाऱ्या उस्तादांनी आठ दिवस शिकवायचे कबूल केले.

घरातून विरोध झाला तो पैशाच्या कारणाने नाही. एका वडीलधाऱ्यांनी स्पष्ट विचारले, “आता आपल्या खानदानातली सून जुलाह्याचे काम करणार?” हा प्रश्न आमच्याबरोबर गाडीत बसूनच औरंगाबादला आला.

शहर आणि कापड

१३२७ साली मुहंमद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. शहरापासून तो किल्ला जेमतेम १५ किलोमीटरवर आहे. बादशहाबरोबर कारागीरही आले आणि त्यांत विणकर होते, असे इथली विणकर घराणी पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. बादशहा परत गेला, पण कारागिरांपैकी पुष्कळजण इथेच राहिले. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणले आणि त्याच खडकीचे मोगलांच्या काळात औरंगाबाद झाले. दरबार असेल तिथे भारी कापड लागते, आणि धागा रंगवायचा तर भरपूर पाणी लागते. या शहरात दोन्ही होते.

‘हिमरू’ हा शब्द फारसी ‘हम-रूह’वरून आला असे मानतात. त्याचा अर्थ ‘सारखा’ किंवा ‘त्याच्यासारखा’. कोणासारखा? तर किमख्वाबासारखा. किमख्वाब सोन्याचांदीच्या जरीचा, राजघराण्यांनाच परवडणारा. हिमरूत ताणा सुती आणि नक्षी रेशमी. दिसायला तसाच, पण किमतीला हलका आणि अंगाला मऊ.

याच भागात ‘मशरू’ नावाचे कापडही विणले जाई. मशरू म्हणजे शरीअतने मुभा दिलेले. पुरुषांना रेशीम वापरण्याची मनाई आहे. म्हणून कारागिरांनी असे कापड तयार केले की वरून रेशमाची चमक दिसावी आणि आत, अंगाला लागणाऱ्या बाजूला, सूत असावे. धर्माची मर्यादाही राहिली आणि कापडाची शोभाही. आज मशरू मुख्यतः गुजरातेत पाटणकडे विणले जाते. एका मसल्यातून कापडाचा एक नवा प्रकार जन्माला आला, ही गोष्ट आम्हा तिघींना फार आवडली.

पहिले दोन दिवस

उस्तादांचा कारखाना म्हणजे त्यांच्या राहत्या घराची पुढची लांबट खोली. तीन माग. त्यांतले दोन खड्डामाग, म्हणजे विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि त्याचे पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर असतात. जमिनीलगतच्या ओलाव्याने सुती धागा कोरडा होऊन तुटत नाही, म्हणून जुन्या लोकांनी ही रचना केली. तिसरा माग साधा, लाकडी चौकटीचा, खुर्चीच्या उंचीवर बसून चालवायचा. आम्हाला तोच मिळणार होता. पण लगेच नाही.

पहिले दोन दिवस आम्ही मागाला हातही लावला नाही. चाचींजवळ बसून चरख्यावर कांड्या भरल्या. धोट्यात बसणारी कांडी सैल भरली तर धागा घसरतो, घट्ट भरली तर अडकतो. दोन्हीकडे निमुळती, मध्ये फुगीर, असा तिचा आकार बोटांनीच साधावा लागतो. चाची चाळीस वर्षे हे करत आहेत. धागा उकलणे, खळ देणे, कांड्या भरणे, तुटलेला ताणा सांधणे ही सगळी कामे त्यांची आणि सुनेची. कापड मात्र उस्तादांचे म्हणून ओळखले जाते. नणंदेने हे बोलून दाखवले तेव्हा चाची हसल्या आणि म्हणाल्या, “मैं कांडी नै भरी तो ये क्या हवा बुनेंगे?” उस्तादांनीही मान हलवली.

तिसऱ्या दिवशी ताणा लावला. वीस इंच पन्ह्याला २४० धागे, इंचाला बारा. प्रत्येक धागा आधी वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या घरातून ओवायचा. या कामाला वहीफणी म्हणतात. एक जण मागून धागा देणार, दुसरी पुढून आकड्याने ओढणार. एक धागा जरी चुकीच्या घरात गेला तरी कापडाच्या पूर्ण लांबीत रेघ दिसते. सकाळी नऊला बसलो ते जोहरच्या अजानेला उठलो, आणि असरपर्यंत काम संपले.

विणणे आणि विणणे

मराठीत सुयांवर स्वेटर करणे हेही विणणे आणि मागावर साडी करणे हेही विणणेच. उर्दूतही दोन्हींना ‘बुनना’ म्हणतात. आम्हालाही वाटत होते की वीस वर्षे सुया चालवलेल्या हातांना माग परका नसेल. पण दोन्हींची जात वेगळी आहे. सुईच्या कामात एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच फासांत अडकत पुढे जातो. म्हणून ते कापड ताणले जाते, डोक्यातून घालता येते, आणि एक टोक ओढले की सगळे उसवते. मागावर दोन वेगळ्या फळ्या असतात. ताणा उभा, आधीपासून ताणून बांधलेला. बाणा आडवा, एकेक खेप टाकत नेलेला. दोघे काटकोनात भेटतात आणि एकमेकांना धरून ठेवतात.

उस्तादांनी आमचा एक स्वेटर हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यांना सुलट-उलट टाक्यांचे कौतुक वाटले. कारण त्यांच्या घरात हे काम कोणी केलेले नव्हते. आम्ही त्यांना सांगितले की सुयांवरच्या विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने आज शिल्लक आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत. ते ११ व्या ते १४ व्या शतकाच्या दरम्यानचे, म्हणजे मुस्लिम राजवटीतले, आणि त्यांतला निळा रंग निळीचा. स्पेनमधला राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा १२७५ मध्ये वारला. त्याच्या कबरीत मिळालेल्या रेशमी विणलेल्या उशीवर अरबी अक्षरांत ‘बरकत’ हा शब्द आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या उशीवर हे अक्षर मुस्लिम कारागिरांच्या हातून आले. उस्ताद म्हणाले, “मग हे कामही आपलेच निघाले की!”

रंगाची परीक्षा

आम्ही घरी रंगवलेल्या लडी बरोबर नेल्या होत्या. वाचक भगिनींपैकी कोणाला करून पाहायचे असेल तर आमची पद्धत अशी आहे. १०० ग्रॅम लोकरीला १० ग्रॅम तुरटी. लोकरीची लडी चार ठिकाणी सैल बांधून आधी कोमट पाण्यात भिजवायची. तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवायची आणि त्याच पाण्यात निवू द्यायची. दुसऱ्या भांड्यात लोकरीइतक्याच वजनाची कांद्याची साले तासभर उकळून गाळून घ्यायची. त्या कोमट रसात लडी सोडून आच हळूहळू वाढवायची. पाणी खळखळू द्यायचे नाही आणि लडी ढवळायची नाही. एकदम गरम-गार केले किंवा चोळले तर लोकर आटून नमदा होते. तासाभराने सोनेरी पिवळा ते नारिंगी रंग चढतो. शेवटी चिमूटभर हिराकस टाकले तर तोच रंग शेवाळी होतो. हिराकस जास्त झाले तर धागा कमजोर होतो. डाळिंबाच्या सालीने पिवळा, आणि हिराकसाने तोच करडा. हळदीचा रंग सुंदर येतो, पण उन्हात टिकत नाही, म्हणून विकायच्या मालाला आम्ही हळद वापरत नाही. भांडी मात्र स्वयंपाकाची नकोत, वेगळी ठेवावीत.

सुताचे गणित निराळे. सूत तुरटी सहज धरत नाही. त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवावे लागते, मग तुरटी. घरी हे आम्ही लहान प्रमाणावर केले होते, इथे उस्तादांनी मोठ्या पातेल्यात करून दाखवले.

मग त्यांनी आमच्या प्रत्येक लडीची परीक्षा घेतली. पांढरे ओले फडके धाग्यावर घासून रंग सुटतो का पाहिले. धागा दोन हातांत ताणून सोडला. “ये ताणे में नै चलेगा,” ते म्हणाले. स्वेटरची लोकर लवचीक असते. ताण्यात ती ताणून बांधली की लांब होते आणि कापड मागावरून उतरले की आक्रसते. ताणा सुती ठेवायचा, लोकर बाण्यात घ्यायची. शिवाय त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला सुयांवर कधी जाणवली नव्हती. स्वेटरात दोन वेगळ्या खेपेला रंगवलेल्या लडी आलटून पालटून विणल्या की फरक लपतो. मागावर बाण्यात जिथे लडी बदलते तिथे सरळ पट्टा उमटतो. म्हणून एका नगाला लागणारा सगळा धागा आधी तोलायचा आणि एकाच पातेल्यात रंगवायचा.

पैठणला एक दिवस

शुक्रवारी कारखाना बंद होता, म्हणून आम्ही पैठणला गेलो. शहरापासून सुमारे ५० किलोमीटर. गोदावरीकाठचे हे जुने प्रतिष्ठान, संत एकनाथांचे गाव, जायकवाडीच्या धरणाशेजारचे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज तिचे सर्वांत मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातले येवले आहे, पण पैठणमध्येही माग चालतात.

तिथे एका मागावर वीस-बावीस वर्षांची मुलगी मोराचा पदर विणत होती. तिच्यापुढे रंगीत रेशमाच्या बारक्या कांड्यांची रांग लागली होती. मोराच्या गळ्याची निळी वेगळी, पिसाची हिरवी वेगळी. प्रत्येक रंग आपल्या हद्दीपुरता जातो आणि परत फिरतो. हद्दीवर दोन धागे एकमेकांत अडकवले नाहीत तर तिथे फट राहते. हे ऐकताच धाकटी जाऊ म्हणाली, “अगं, हे तर आमचेच!” स्वेटरवर मोठे फूल विणताना आम्ही प्रत्येक रंगाचा वेगळा गुंडा घेतो आणि सीमेवर धाग्यांना पीळ देतो, नाहीतर भोक पडते. पैठणीचा पदर आणि आमचे ते फूल यांची युक्ती एकच. म्हणून अस्सल हातमागाच्या पैठणीची मोरवेल उलट बाजूनेही तशीच दिसते.

आणि हिमरू? त्यात नक्षीचा धागा जिथे लागत नाही तिथे कापडाच्या पाठीमागून मोकळा ओढून नेतात. आम्हीही बारीक रंगीत नक्षीच्या टोपीत नेमके हेच करतो. न लागणारा रंग मागून सैल नेतो. तो ताणला तर टोपी आवळते. परतल्यावर उस्तादांनी हिमरूची शाल उलटी करून दाखवली. मागे धाग्यांचे जाळे होते, पण एकही धागा आवळलेला नव्हता. “सामने का काम सब देखते, पीछे का काम उस्ताद देखता,” एवढेच ते म्हणाले. त्या दिवसानंतर माग आम्हाला परका राहिला नाही.

हिशेब

उस्तादांची दोन्ही मुले या कामात नाहीत. एक रिक्षा चालवतो, दुसरा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पूर्वी नक्षीच्या मागावर दोन माणसे लागत. एक विणणारा आणि दुसरा वर बांधलेल्या जाळ्याच्या दोऱ्या ओढणारा. आता ते काम पंचकार्डाची यंत्रणा करते, तरीही भरगच्च नक्षीचे कापड दिवसभरात वीतभरच पुढे सरकते. बाजारात ‘हिमरू’ म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे यंत्रमागाचे असते आणि गिऱ्हाईक किंमत तीच धरून बसते. मुलांना दोष देत नाही, असे ते म्हणाले. रिक्षा रोज संध्याकाळी पैसे देते.

म्हणून धाकट्या जाऊबाईंना त्यांनी हिमरूच्या नादी लावले नाही. साधी विण, सुती ताणा, घरी रंगवलेला बाणा, एवढेच धर, असे सांगितले. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशेब मांडला. एकदा ताणा लावला की त्यातून सहा स्टोल निघतात. रंगवायला एक दिवस, ताण्याला एक, विणायला सहा, म्हणजे आठ दिवस. एका नगाला धागा, रंग आणि इंधन धरून ४५० रुपये, सहांचे २,७००. नग ९०० ला गेला तर ५,४०० येतात आणि हातात २,७०० राहतात. दिवसाला साधारण ३४० रुपये. मुलाच्या स्वेटरला आमचे चार दिवस जातात, लोकर वजा जाता ४०० रुपये सुटतात, म्हणजे दिवसाला १००. “पण हे सहा विकले गेले तर,” उस्तादांनी बोट वर करून बजावले. “पहले दुकान ढूंढो, फिर माग लगाव.”

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर

शेवटून दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी धीर करून त्यांना तो घरचा प्रश्न सांगितला. आम्हाला संकोच वाटत होता, कारण ते स्वतः विणकर बिरादरीतले. त्यांना राग आला नाही. त्यांनी बुखारी शरीफमधली एक घटना सांगितली. हजरत सहल बिन साद (रजि.) सांगतात की एका स्त्रीने स्वतःच्या हाताने विणलेली चादर पैगंबर (स.) यांना आणून दिली. त्यांना तिची गरज होती, त्यांनी ती स्वीकारली आणि नेसून बाहेर आले. एका सहाबींनी ती मागितली तेव्हा लगेच देऊनही टाकली. त्या सहाबींना ती कफनासाठी हवी होती, आणि तीच त्यांचे कफन झाली.

“जिस काम की चादर हुजूर ने ओढी, उस काम में शरम नक्को, बेटी,” उस्ताद म्हणाले.

आपल्या समाजात हा विषय आपण टाळतो. मालेगाव आणि भिवंडीत १८५७ नंतर उत्तरेतून विणकर घराणी येऊन वसली आणि त्यांच्या हातांवर ती शहरे उभी राहिली. त्यांनी विणलेले कापड सगळ्यांनी नेसले. तरीही रिश्ते जुळवताना ‘जुलाहा’ हा शब्द खालच्या आवाजात उच्चारला जातो. इस्लाममध्ये उच्चनीच नाही असे आपण भाषणात सांगतो, आणि घरात सुनेला विचारतो की तू हे काम करणार का. आम्ही परतल्यावर त्या वडीलधाऱ्यांना ही हदीस सांगितली. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या जुम्याला जमातीच्या बैतुलमालातून मागासाठी कर्जे-हसना द्यावे, ही शिफारस त्यांनीच केली.

जाणार असाल तर

औरंगाबादला गेलात तर दुकानदाराला शाल उलटी करून दाखवायला सांगा. पाठीमागचे मोकळे धागे पाहा. हातमागाच्या कापडाच्या काठावर बारीक टोचल्याच्या खुणा असतात, कारण पन्हा ताणून धरायला तिथे काठी लावलेली असते. विण यंत्रासारखी एकसारखी नसते. शक्य असेल तर माग पाहायला मागा. दाखवणारा माणूस खरा असतो. आणि चाची कुठे दिसल्या तर त्यांच्याशीही दोन शब्द बोला.

शिकायचे असेल तर मागाची वाट पाहू नका. जाड पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा, त्यांत सुती दोरा ताणून गुंडाळा आणि उरलेली लोकर मोठ्या सुईने एक धागा वर, एक धागा खाली अशी ओवत न्या. मुलींना सुट्टीत दोन दिवसांत ताणा-बाणा समजतो.

आमच्या गावच्या सुताराने चौकटीचा माग तयार केला आहे. वही आणि फणी उस्तादांनी पाठवली. पहिल्या ताण्यातले सहा स्टोल कांद्याच्या सालीच्या रंगात विणून झाले आहेत. साताऱ्यातल्या एका दुकानाने चार ठेवून घेतले. उरलेल्या दोनांपैकी एक जाऊबाईंनी चाचींना पाठवला. सध्या दुसरा ताणा मागावर आहे. दुपारी मुले शाळेतून येईपर्यंत घरात धोट्याचा आवाज चालू असतो.